पाणचक्कीचे पाणी आणि ट्रान्झिस्टर

आमच्या मराठवाड्यातील पाणचक्कीच्या हौदाशी उभे राहून, उत्तरेकडील डोंगरातून मातीच्या नळांवाटे आलेले पाणी उंचावरून कोसळताना ज्याने पाहिले आहे, त्याला हे उमगण्यास विलंब लागणार नाही, की बळ प्रवाहाचे असले तरी त्यावर हुकमत चालते ती झडपेच्या किंचित् हालचालीची. आणि 1947 साली बार्डीन व ब्रॅटन यांनी सिद्ध केलेल्या ट्रान्झिस्टरमध्येही बेसवरील क्षीण संकेत कलेक्टरच्या मोठ्या प्रवाहावर अशीच हुकमत गाजवितो. (कलेक्टर हे नाव सार्थच, वसुली त्याच्याकडेच.)

आता मायक्रोफोनसाठी ट्रान्झिस्टरच्या अशा एका वर्धकाचा जमाखर्च मांडू. पुरवठा 12 व्होल्टांचा, कलेक्टरचा रोध 4700 ओहम, प्रवाह 1 मिलिअँपिअर. म्हणजे रोधावर 4.7 व्होल्ट खर्ची पडून कलेक्टरपाशी 7.3 उरतात. एमिटरचा अंगभूत रोध, 25 मिलिव्होल्टांना प्रवाहाने भागता, 25 ओहम येतो. 4700 ला त्याने भागले की वर्धन 188. आकडा भुरळ घालणारा खरा, परंतु उष्म्याने हा रोध आणि प्रवाह दोन्ही ढळतात, आणि आमच्या मराठवाड्याच्या मे महिन्यात असा हिशेब भरवशाचा नव्हे. म्हणून एमिटरच्या वाटेत 470 ओहमचा रोध, कपॅसिटरचा वळसा न देता, ठेवावा: वर्धन साडेनवावर उतरते, पण प्रवाहगुणक 200 धरल्यास, बेसचे इतर रोध वगळता, आगमरोध 5 हजारांवरून 99 हजार ओहमांवर चढतो, आणि नाजूक मायक्रोफोनवर भार पडत नाही. हा सौदा मला पसंत आहे.

जोडणी झाल्यावर मीटर लावावे, कलेक्टरवर 7.3 ऐवजी पुरे 12 दिसले, तर ट्रान्झिस्टर बंद आहे असे समजून प्रथम बेसची जोडणी तपासावी.