साखरेच्या वहीतले खोटे आकडे

वही उघडली तर पंधरा दिवसांचे आकडे एकाच शाईत: ११०, १२०, ११५. कुठे खाडाखोड नाही, रक्ताचा ठिपका नाही. ग्लुकोमीटरच्या मेमरीत मात्र २८०, ३१०, आणि मधले चार दिवस कोरे. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांमध्ये हे नेहमीचं आहे.

गैरसमज: पोर खोटारडं आणि आळशी आहे.
बहुतेकदा ते घाबरलेलं असतं. मागच्या खेपेला ३०० दिसल्याबरोबर ‘काय खाल्लंस?’ असं दरडावलं असेल, तर पुढच्या खेपेला ३०० लिहिलंच जाणार नाही. यातला खरा धोका पुढे आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी वाढलेली येते, चुकलेले डोस कुणाला ठाऊक नसतात, म्हणून डॉक्टर इन्सुलिन वाढवतात. मग ज्या दिवशी मूल तो डोस खरोखर घेतं, त्या दिवशी साखर धाडकन उतरते.

गैरसमज: साखर वाढली म्हणजे पथ्य मोडलं.
वयात येताना ग्रोथ हॉर्मोनमुळे इन्सुलिनचा असर कमी होतो. काल पुरलेला डोस आज अपुरा पडतो. १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या अमेरिकी अभ्यासातही, काटेकोर उपचार घेणाऱ्या किशोरांची एचबीए१सी प्रौढांपेक्षा सुमारे एक टक्क्याने जास्त राहिली. त्यांनाही ‘निष्काळजी’ म्हणायचं का?

गैरसमज: पथ्य पाळलं की इन्सुलिन सुटेल.
टाइप १ मध्ये सुटत नाही. शरीरात ते जवळजवळ तयारच होत नाही. बंद केलं तर काही दिवसांत, कधी काही तासांतही कीटोअॅसिडोसिस होऊन (म्हणजे रक्तात आम्ल साचून) जिवावर बेतू शकतं.

गैरसमज: धाक दाखवल्याशिवाय मुलं ऐकत नाहीत.
‘डोळे जातील, किडनी जाईल’ हे पंधरा वर्षांच्या मुलीने शंभरदा ऐकलेलं असतं. तिची अडचण दुपारच्या सुट्टीतली असते: पोट उघडं करून सुई टोचायला शाळेत जागा कुठे? ‘या आठवड्यात कुठला डोस सगळ्यात जड गेला?’ एवढं विचारलं तर ती हे सांगते. मग शाळेला चिठ्ठी देता येते, डोसाची वेळ बदलता येते. आणि बारा-तेराव्या वर्षापासून प्रत्येक भेटीतली दहा मिनिटं तरी डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बोलावं, आईबाबांनी तेवढा वेळ बाहेरच्या बाकावर बसावं. चुकलेल्या डोसांची गोष्ट बहुधा त्याच दहा मिनिटांत निघते.