मालकीचं रान आणि पन्नास वर्षांची शिकवणी

कुडाळ तालुक्यातलं बरंचसं रान सातबाऱ्यावरच्या माणसांचं आहे. एकेका सातबाऱ्यावर डझनावारी नावं, त्यातली निम्मी मुंबईत. त्यामुळे 'झाडं राखा' हे नेमकं सांगायचं कोणाला, इथूनच अडचण सुरू होते.

पहिली शिकवणी कायद्याने घेतली. 30 ऑगस्ट 1975 ला महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम लागू झाला आणि खाजगी वनं कागदोपत्री सरकारजमा झाली. पुढे 12 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात मालकी कोणाचीही असो, वन ते वनच, असं ठरवलं. 'वनसंज्ञा' हा शब्द जिल्ह्यात घरोघरी पोचला तो त्यानंतर. शेतकऱ्याने काढलेला अर्थ सरळ होता: झाडं वाढू दिली की जमीन अडकली. मग किंजळ-ऐन जाड होण्याआधीच रान ठेकेदाराला देऊन मोकळं होण्यात शहाणपण दिसू लागलं. हेतू राखण्याचा, शिकवण तोडण्याची!

1990 ची रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि उतार साफ करून काजू लागला. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या कलमांनी कित्येक घरं सावरली, ते नाकारू नये. पण वहाळाकाठची जुनी झाडं तेवढी सोडा, एवढी अट घालायला काय हरकत होती?

बदल दिसला तो पैसा आणि रान एका बाजूला आले तिथे. 2004 मध्ये कुडाळात 'कॉनबॅक' हे बांबू केंद्र उभं राहिलं. भरीव, बिनकाट्याचा माणगा इथल्या बांधांवर पिढ्यान्‌पिढ्या आहे. बेटातली जून काठी काढायची, कोवळी राखायची, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याला गिऱ्हाईक हवं होतं. 2017 मध्ये वनाबाहेरचा बांबू कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला, तेव्हा वाट आणखी मोकळी झाली. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने घरोघरी गोबरगॅस नेला, त्याने चुलीचं लाकूड वाचलं; त्याला कोणी वनशिक्षण म्हणत नाही, मी म्हणतो.

अर्थात बांबूचं बेट म्हणजे जंगल नव्हे. त्यासाठी संगमेश्वराकडे पाहावं लागतं. तिथे पुण्याच्या 'एईआरएफ' संस्थेने खाजगी रानमालकांशी राखणीचे करार केले आणि बेहड्याच्या फळांना 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्राची बाजारपेठ मिळवून दिली. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश घरटं करतो. उभ्या झाडाचे दरसाल पैसे मिळू लागले, की ते तोडायची घाई राहत नाही.

2002 च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव नोंदवह्या मागितल्या. हरित लवादाच्या 31 जानेवारी 2020 च्या मुदतीसाठी त्या राज्यभर घाईघाईने भरल्या गेल्या. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावची नोंदवही मागून घ्या, आणि आपल्या वाडीतले बेहडे तिच्यात आहेत का, तेवढं पाहा. नसतील तर लिहून घ्यायला लावा.