पाण्यातील सूक्ष्म रसायनांचा प्रकाशाच्या साह्याने शोध

महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा कऱ्हाडला कोयनेचे पाणी घेऊन सांगली जिल्ह्यात प्रवेश करते. काठावरील ऊसशेती, साखर कारखाने व वाढती शहरे यांमुळे खते, कीटकनाशके आणि सांडपाणी यांचे अंश नदीत उतरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेत मृत मासे मोठ्या संख्येने आढळले होते. दूषित पाण्याचा असा लोंढा काही तासांत पुढे सरकतो. ठरावीक दिवशी घेतलेल्या नमुन्यात तो सापडेलच असे नाही. अखंड पहारा देणाऱ्या स्वयंचलित उपकरणांचे महत्त्व येथेच आहे.

यांपैकी एक पद्धती अनुस्फुरणावर आधारलेली आहे. काही पदार्थ अतिनील किरण शोषून घेतात व लगेच अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने या घटनेचे विवेचन केले. उपकरणातील पंप पाणी ओढतो, दिवा त्यावर किरण टाकतो आणि काटकोनात बसविलेला संवेदक उमटलेला प्रकाश मोजतो. काळोख्या पार्श्वभूमीवर क्षीण प्रकाशही ओळखता येत असल्याने अत्यल्प अंश सापडतात. खनिज तेलातील बहुचक्रीय हायड्रोकार्बन हे याचे उदाहरण होय. पिण्याच्या पाण्यात त्यांची भारतीय मानकातील मर्यादा प्रतिलिटर केवळ ०.१ मायक्रोग्रॅम आहे. सांडपाण्यातील प्रथिनजन्य द्रव्येही सुमारे २८० नॅनोमीटरच्या किरणांनी उजळतात.

मात्र हे उपकरण पहारेकरी आहे, न्यायाधीश नव्हे. गढूळपणा, तापमान व कुजलेल्या पालापाचोळ्यातील द्रव्ये यांमुळे मापन चुकू शकते. खतांतून येणारे नायट्रेट स्वतः उजळत नाही. प्रतिलिटर ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा ओलांडली गेली किंवा कसे, हे वेगळ्या परीक्षेनेच कळते. पाणी उकळल्याने नायट्रेट नाहीसे होत नाही, हेही ग्रामस्थांस सांगणे आवश्यक आहे.

म्हणून इशारा मिळताच, अथवा पाण्याचा रंग वा वास बदलताच, ग्रामपंचायतीने स्थळ व वेळ नोंदवून विनाविलंब नमुना घ्यावा. कोणत्या परीक्षेसाठी कोणती बाटली वापरावी, हे प्रयोगशाळेस विचारावे आणि नमुना थंड व अंधाऱ्या जागी ठेवून तेथे पोचवावा. यंत्राची सूचना, प्रयोगशाळेचा निर्णय व गावाची दक्षता यांचा मेळ बसला, तरच पाण्याचे रक्षण होईल.