विलंबित एकतालात सम कशी ओळखावी

बडा ख्याल पहिल्यांदा ऐकायला बसलेल्याची अडचण ठरलेली असते. शेजारचे रसिक एकदम ‘वा!’ म्हणतात, आणि सम, म्हणजे तालचक्राची पहिली मात्रा, कधी येऊन गेली ते याला कळलेलंच नसतं. यात कानाचा दोष नाही. एकतालाच्या मात्रा १२च, पण विलंबितात एका मात्रेला चार सेकंद धरले तरी आवर्तन ४८ सेकंदांचं होतं. एवढा वेळ बोटांवर मोजत बसलं तर गाणं हातचं जातं. मोजू नये, तबला ऐकावा.

तबलावादकाचं काम गायकाच्या आधी सुरू होतं. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकासाठी तो लहान तोंडाचा, टिपेचा तबला घेतो आणि तार षड्जात मिळवतो. काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेला रुंद तोंडाचा ढाला तबला लागतो. वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने खाली सरकवले की पुडी ताणून सूर चढतो. उरलेला बारीक फरक पुडीच्या काठच्या गजऱ्यावर काढायचा: वरून ठोकलं की चढ, खालून ठोकलं की उतार. मग तबला फिरवत प्रत्येक घरापाशी चाट वाजवून पाहायची, कारण एखादं घर उतरलेलं राहिलं तर तंबोऱ्यांच्या जोडीशेजारी ते लगेच बोचतं. चामड्यातून असा नेमका सूर निघतो तो शाईमुळे. लोहचूर्ण आणि खळ यांचे थर घोटून बनवलेला हा काळा गोल पुडीचं मधलं वजन वाढवतो आणि तिचे उपस्वर मूळ स्वराशी जुळवून आणतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये या गुणधर्मावर लिहिलं होतं.

आता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल: धिं धिं धागे तिरकिट, तू ना कत् ता, धागे तिरकिट धी ना.

पहिल्या चार मात्रांत डाव्या हाताचा डग्गा घुमतो. पाचवीपासून आठवीपर्यंत तो घुमारा थांबतो. ‘कत्’ डग्ग्यावरच पडतो, पण सपाट हाताचा, बंद. भरावाचे हलके बोल असले तरी ठेक्याखालची जमीन काढून घेतल्यासारखी वाटते. नवव्या मात्रेला ‘धागे’ आला की डग्गा पुन्हा बोलू लागतो. ‘तिरकिट’ आवर्तनात दोनदा येतो, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला, आणि नवा श्रोता इथेच फसतो. खूण सोपी आहे. ‘तिरकिट’नंतर डग्गा गप्प झाला तर आपण आवर्तनाच्या मध्यावर आहोत. घुमत राहिला तर ‘धी ना’ या दोनच मात्रा उरल्या आहेत.

गायकही मनात आकडे मोजत नसतो. यमनात निषाद-गंधाराभोवती आलापी चालू असताना त्याचा कान त्या दुसऱ्या ‘तिरकिट’वर असतो. तो ऐकू आला की फिरत आवरती घेऊन तो बंदिशीचा मुखडा उचलतो, बहुधा अकराव्या-बाराव्या मात्रेच्या सुमारास, आणि समेवरचं अक्षर ‘धिं’वर येऊन बसतं.

म्हणून संथ लयीतला ठेका स्थिर ठेवणं ही मला स्वतंत्र तबलावादनाइतकीच मोठी विद्या वाटते. दोन मात्रांमधल्या मोकळ्या जागेत हात शिवशिवतो, लय नकळत पुढे सरकते, आणि गायकाने मनात बांधलेलं अंतर कोलमडतं. कुमार गंधर्वांच्या साथीला वसंतराव आचरेकर, भीमसेन जोशींच्या साथीला नाना मुळे यांच्या ध्वनिमुद्रणांत एकदा गाणं बाजूला ठेवून नुसता ठेका ऐकावा. बोलांची गर्दी किती कमी आहे आणि प्रत्येक मात्रेचं वजन किती सारखं आहे, ते लक्षात येतं.

एकताल कानात बसला की अमीर खाँ ऐकावेत. त्यांचा आवडता झुमरा ताल १४ मात्रांचा, आणि त्यात ‘तिरकिट’ चारदा येतो, त्यामुळे आपली खूण तिथे चालत नाही. तिथे आठव्या मात्रेचा ‘तिं’ पकडायचा: डग्गा थांबतो ती खाली. त्यानंतर जो पहिला ‘धागे तिरकिट’ येईल, त्याच्या लगेच पुढे सम.