कोंब वर का जातो, मूळ खाली का जाते?



पेरणीच्या वेळी शेतकरी चाड्यावर मूठ धरतो तेव्हा दाणा उताणा पडला की पालथा, हे पाहत नाही. दाणा कसाही पडो, मूळ खाली जाते आणि कोंब वर येतो. हे इतके सवयीचे झाले आहे की ‘का?’ असे विचारावेसे कुणाला वाटत नाही. मी पदवीधर नव्हे. आयुष्य कामगार चळवळीत गेले, आणि शिकलो ते वाचनालयात बसून. पण हा प्रश्न समजायला पदवी लागत नाही.

मूळ ओलीच्या शोधात खाली जाते की पृथ्वीच्या ओढीमुळे? थॉमस नाइट या इंग्रज बागायतदाराने १८०६ साली याचा निकाल लावला. ओढ्याच्या पाण्यावर वेगाने फिरणाऱ्या उभ्या चाकाच्या कडेला त्याने घेवड्यासारखे बी बांधले. चाक फिरत असल्याने ‘खाली’ ही दिशा क्षणाक्षणाला बदलत होती. कायम राहिला तो बाहेर फेकणारा जोर. मुळे बाहेरच्या बाजूस वाढली, कोंब चाकाच्या मध्याकडे वळले. म्हणजे रोपाला जोराची दिशा कळते, हे सिद्ध झाले.

प्रकाशाचे कोडे चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी हाती घेतले. त्यांचे पुस्तक १८८० साली निघाले. गवताच्या कोवळ्या कोंबाच्या शेंड्यावर त्यांनी उजेड अडवणारी टोपी घातली. कोंब उजेडाकडे वळला नाही. मग खालचा भाग काळ्या वाळूत झाकून शेंडा तेवढा उघडा ठेवला. कोंब वळला, आणि वळला तो शेंड्याच्या खाली! ज्या जागी उजेड कळतो त्याहून वाकण्याची जागा निराळी. मध्ये कुणीतरी निरोप्या हवा. आम्हा संघटनेच्या माणसांना हे चटकन पटते: गेटवरची बातमी साचेखात्यात पोचली नाही, तर खाते हलत नाही.

हा निरोप्या १९२०च्या दशकात हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट याने पकडला. छाटलेले शेंडे त्याने अगरच्या तुकड्यावर ठेवले. शेंड्यातला रस अगरमध्ये उतरला. तो तुकडा बिनशेंड्याच्या कोंबावर एका बाजूस ठेवताच कोंब अंधारातही दुसऱ्या बाजूस वाकला. या द्रव्याला ऑक्झिन म्हणतात. एका बाजूने उजेड पडला की ते सावलीच्या बाजूस अधिक जाते. तिथल्या पेशी जास्त लांबतात, म्हणून कोंब उजेडाकडे झुकतो. उजेड त्याला ओढत नाही. सावलीची बाजू त्याला ढकलते. या कामात निळा प्रकाश विशेष प्रभावी असतो, आणि तो टिपणाऱ्या प्रथिनाचा पत्ता १९९७ साली लागला.

मुळाचे काय? त्याच्या टोकावरील टोपीच्या पेशींत पिठाचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की ते खालच्या बाजूस घरंगळतात आणि ऑक्झिनही त्याच बाजूस जमते. मात्र कोंबाला वाढवणारी ऑक्झिनची मात्रा मुळाची वाढ रोखते. खालची बाजू मागे पडते, वरची वाढत राहते आणि मूळ जमिनीकडे वळते. वादळात आडवा पडलेला गहू पुन्हा डोके वर काढतो तोही याच हिशेबाने: कांड्यांच्या जोडावर खालची बाजू अधिक वाढते.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. अंधारात उगवलेला कोंब उजेडातल्या कोंबापेक्षा उंच होतो. पण तो पिवळा आणि नाजूक असतो, कारण तो बियातल्या शिधेवर वाढतो आणि उजेड गाठण्यासाठी ती खर्चून टाकतो. शिधा संपण्यापूर्वी उजेड भेटला नाही तर तो मरतो. उंचीवरून प्रकृती ठरत नाही. खिडकी नसलेल्या खोल्यांची चाळ बांधणाऱ्याने आणि तिला मंजुरी देणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. चार मटकीचे दाणे घ्या, ओला टीपकागद घ्या, आणि एका बाजूला भोक पाडलेल्या डब्यात ठेवा. तीनचार दिवसांनी झाकण उघडून मुलांना विचारा, कोंब कुठे गेले आणि मुळे कुठे गेली. ‘का?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपोआप येईल, आणि तो आला की त्यांना गप्प करू नका.