अपूर्णांक : पण कशाचा?

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातल्या शाळेत फळ्यावर ७/१२ असे लिहिले, तर बरीच मुले ‘सात छेद बारा’ न म्हणता ‘सातबारा’ म्हणतील. त्यांचे काही चुकत नाही. गाव नमुना सातमध्ये जमिनीच्या हक्कांची नोंद असते आणि नमुना बारामध्ये पिकांची. दोन्ही एकाच उताऱ्यावर येतात म्हणून तो सातबारा. तिथली तिरकी रेघ भागाकाराची नाही. म्हणजे दोन संख्यांच्या मध्ये रेघ आली की अपूर्णांक झाला, असे होत नाही.

मग अपूर्णांक कधी होतो? आधी एक ‘पूर्ण’ ठरवावे लागते. त्याचे समान भाग करावे लागतात. ते किती केले हे छेद सांगतो आणि त्यांतले किती घेतले हे अंश सांगतो. पूर्ण कोणते, हे मात्र अंशातही नसते आणि छेदातही नसते. ते आपल्याला संदर्भातून ओळखावे लागते. मुलांच्या अपूर्णांकांतल्या पुष्कळ चुकांचे मूळ या न लिहिलेल्या गोष्टीत आहे, असे आम्हाला वाटते.

जमिनीचेच उदाहरण घेऊ. एका एकराचे ४० गुंठे. त्यामुळे २० गुंठे म्हणजे १/२ एकर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर या एककांत असते आणि एका हेक्टरचे १०० आर होतात. एक गुंठा जवळजवळ एका आरएवढाच (१.०१ आर) असल्याने हाच तुकडा तिथे सुमारे २० आर, म्हणजे १/५ हेक्टर होतो. जमीन तीच, पण तिला एकदा १/२ म्हटले आणि एकदा १/५. १/२ हा १/५ पेक्षा मोठा असतो हा नियम खरा आहे, पण दोन्हींचे पूर्ण एकच असेल तेव्हा. इथे हेक्टर हा सुमारे अडीच एकरांचा आहे, आणि अडीचचा पाचवा भाग अर्धाच होतो.

पूर्ण बदलण्याची ही रीत आपल्या भाषेत मुरलेली आहे. पाऊण म्हणजे ३/४, पण पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे आणि पाऊणशे म्हणजे ७५. दीड म्हणजे एक आणि अर्धा, पण दीडशेमधला अर्धा हा शंभराचा अर्धा. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. ते पाठांतर आता मागे पडले असले तरी पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द मुलांच्या तोंडी आहेत. ‘अंश’ आणि ‘छेद’ या शब्दांकडे जाण्याआधी या शब्दांवर एक तास घालवणे फायद्याचे आहे. प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारावा : कशाचा?

आता बेरीज. १/४ + १/५ किती, यावर मुले अनेकदा २/९ असे उत्तर देतात. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. ते चूक आहे एवढे सांगून भागत नाही. चौकटीच्या कागदावर ५ आडव्या ओळी आणि ८ उभे स्तंभ असलेला एक आयत काढा. हा झाला आपला एकर, आणि त्याचे ४० चौकोन म्हणजे ४० गुंठे. पाव एकर म्हणजे १० चौकोन, एक पंचमांश एकर म्हणजे ८ चौकोन. एकत्र १८ चौकोन, म्हणजे १८/४०. दोन-दोन चौकोनांच्या जोड्या केल्या तर ९/२०. समच्छेद करणे म्हणजे दोन्ही तुकडे एकाच मापाने मोजणे. इथे गुंठा हे ते माप आहे. आता मुलांच्या उत्तराची परीक्षा करता येते. २/९ एकर म्हणजे नऊ गुंठ्यांहूनही कमी. दहा गुंठ्यांत आठ मिळवले आणि नऊसुद्धा उरले नाहीत, हे शेतकऱ्याचे मूल मान्य करणार नाही.

पण मुलांना २/९ सुचते तरी का? कारण एका वेगळ्या प्रश्नाचे ते बरोबर उत्तर आहे. एका वाटीत ४ हरभरे भिजत घातले, त्यांतला १ रुजला नाही. दुसऱ्या वाटीत ५ घातले, त्यांतलाही १ रुजला नाही. दोन्ही वाट्या मिळून न रुजलेले ९ पैकी २. इथे वर वर आणि खाली खाली मिळवणे योग्य आहे, कारण दोन निरनिराळी पूर्णे मिळून नवे, मोठे पूर्ण तयार झाले. एकराच्या उदाहरणात पूर्ण मात्र शेवटपर्यंत एकच एकर होते.

तोच आयत गुणाकारालाही उपयोगी पडतो. डावीकडचे दोन स्तंभ निळे करा. हे १० चौकोन म्हणजे १/४. सर्वांत वरची ओळ पिवळी करा. हे ८ चौकोन म्हणजे १/५. दोन्ही रंग पडले असे चौकोन किती? दोन, म्हणजे २/४० किंवा १/२०. हा पाव एकराचा पाचवा भाग. मराठीतला ‘चा’ इथे गुणाकाराचे काम करतो. भागाचा भाग घेण्याचे हे गणित भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) ‘प्रभागजाती’ या नावाने येते. गुणाकाराने संख्या वाढतेच, हा पूर्णांकांतून आलेला समज या दोन चौकोनांनी दूर होतो. भागाकारही असाच पाहता येतो. पाऊण एकरात अर्धपाव, म्हणजे १/८ एकराचे, वाफे किती? ३० गुंठ्यांत पाच-पाच गुंठ्यांचे सहा. म्हणून ३/४ ÷ १/८ = ६.

हा प्रश्न वर्गाबाहेर किती महत्त्वाचा ठरतो, हे आणेवारीवरून दिसते. अपेक्षित प्रमाण पीक सोळा आणे धरायचे आणि यंदाचे पीक त्याच्या किती आणे आले ते ठरवायचे, ही जुनी पद्धत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आठ आणे म्हणजे ५० पैसे. ८/१६ आणि ५०/१०० हे सममूल्य अपूर्णांक. सगळेच आणे मात्र इतके सरळ बसत नव्हते. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, म्हणून व्यवहारात एका आण्याला ६ पैसे, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना बरोबर २५ पैसे धरत.

पैसेवारी पन्नासच्या खाली की वर, यावर पूर्वी टंचाईचा निर्णय अवलंबून असे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतला ओलावा, पिकांची स्थिती असे निकष पुढे आले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यातल्या ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत बारामती आणि इंदापूर होते. याच तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याखालची बागायतही आहे. आता एक काल्पनिक हिशेब करू. समजा, १००० हेक्टर जिराईत शिवारात पीक ४० पैसे आले आणि २०० हेक्टर बागायतीत ६० पैसे. सर्व शिवाराचे किती? ४० आणि ६० यांची सरासरी ५०, असे उत्तर चटकन येते. पण दोन पूर्णे सारखी नाहीत. १००० × ४० आणि २०० × ६० मिळून ५२,०००. त्याला १२०० ने भागले की सुमारे ४३ येतात. पन्नास आणि त्रेचाळीस यांतला फरक जिराईत शेतकऱ्याला परवडणारा नाही.

शेवटी वर्गासाठी एक काम. एका एकराचे तीन वारसांत समान वाटे करायचे आहेत. ४० चौकोनांच्या आयतात हे नेमके बसत नाही, कारण प्रत्येकाला १३ गुंठे आणि वर एक तृतीयांश गुंठा येतो. मग १/३ आणि १/४ हे दोन्ही भाग पूर्ण चौकोनांत दाखवायचे, तर एकर कमीत कमी किती चौकोनांचा काढावा? मुलांना निरनिराळे आयत काढून पाहू द्यावेत. १२ चौकोनांचा आयत त्यांचा त्यांना सापडला, की मग लसाविचे नाव सांगावे.