वैनगंगेचा पूर : समज आणि वस्तुस्थिती

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठच्या गावांत वैनगंगेचे पाणी शिरले, धानाच्या बांध्या गाळाखाली गेल्या, आणि तेव्हापासून चंद्रपूर-गडचिरोली मुलखात एक समजूत पक्की होऊन बसली, ती ही की, तो पूर पावसाने आणलाच नाही, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडल्यामुळे आला. ज्याचे उभे पीक गेले त्याच्या मुखी हा आरोप यावा हे स्वाभाविक आहे आणि त्याच्या दुःखाची अवहेलना करण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे.

त्या दिवसांत मध्य प्रदेशातील शिवनीच्या बाजूस, वैनगंगेच्या उगमाकडे, अतिवृष्टी झाली, तेथील संजय सरोवराचे पाणी सोडणे भाग पडले, आणि वाटेतील नद्यानाल्यांना पोटात घेत तो लोंढा गोसीखुर्दला येऊन भिडला. ११ किलोमीटरांहून अधिक लांबीच्या या धरणाचा बहुतांश भाग मातीच्या भरावाचा आहे; अशा भरावाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले तर तो कापला जातो, आणि मग जे घडेल त्यापुढे उघडलेल्या दरवाजांचा पूर क्षुल्लक ठरेल. म्हणून येणारे पाणी पुढे जाऊ देण्यावाचून गत्यंतर नसते. मात्र एवढ्याने प्रश्न संपत नाही. पावसाळ्याच्या कोणत्या तारखेला जलाशयाची पातळी किती असावी, हे आधीच ठरवून दिलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये काही जागा पुरासाठी मोकळी ठेवावी आणि हंगामाच्या शेवटी तलाव भरावा, असा त्याचा आशय. पण याच धरणावर सुमारे २.५ लाख हेक्टर सिंचनाचा संकल्प उभा आहे, आणि सिंचनाला भरलेला तलाव हवा असतो, पुराला रिकामा. या ओढाताणीत पाणी किती लवकर, किती टप्प्यांनी आणि किती पूर्वसूचनेने सोडले, यावरच खालच्या गावांचे प्राक्तन अवलंबून राहते. जाब विचारायचा तो दरवाजे उघडल्याबद्दल नव्हे, तर वेळेबद्दल आणि इशाऱ्याबद्दल, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या शिवारात पाऊस नाही म्हणजे भय नाही, ही दुसरी समजूत पहिलीपेक्षा घातक होय. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. ओडिशात उगम पावून बस्तरमधून येणारी इंद्रावती तुडुंब भरली की पर्लकोटेला वाट मिळत नाही, तिचे पाणी मागे फुगते, पूल बुडतो आणि तालुक्याचे ठिकाण जगापासून तुटते. चंद्रपुरातही न्याय तोच : वर्धा नदी चढलेली असली की इरईचे पाणी तिच्यात उतरत नाही आणि शहराच्या सखल वस्त्यांत पसरते. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूरने हे भोगले, आणि त्याच महिन्यात प्राणहिता-गोदावरीच्या महापुराने सिरोंचा तालुक्यास वेढले. म्हणूनच केंद्रीय जल आयोगाची वैनगंगेवरील आष्टी आणि प्राणहितेवरील टेकरा येथील मापनकेंद्रे ढगांइतकीच महत्त्वाची आहेत; वरच्या केंद्रातील आकडा वेळेवर खाली पोहोचला, तर गावाला गुरे सोडण्यास आणि धान्य हलविण्यास काही तास हाती लागतात.

आपत्तीची तयारी म्हणजे नावा आणि जवान, असेही मानले जाते. वस्तुतः ती उन्हाळ्यातच सुरू होते. पाटबंधारे खात्याला धरणांचे दरवाजे चालवून पाहावे लागतात आणि वीज गेली तरी ते उचलता येतील असा बंदोबस्त ठेवावा लागतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, म्हणून या तयारीचा मेळ त्यांनीच घालायचा असतो. गडचिरोलीत संपर्क तुटणाऱ्या गावांसाठी काही महिन्यांचे रास्त भावाचे धान्य पावसाळ्यापूर्वीच पोहोचविले जाते, आणि दिवस भरत आलेल्या स्त्रियांना आरोग्य केंद्रालगतच्या माहेरघरात आगाऊ आणून ठेवण्याची तजवीज आहे. ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. पण पुराच्या रात्री प्राण वाचतात ते पुष्कळदा यांच्यामुळेच.

पूररेषेविषयीही गैरसमज आहे. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा संभवणाऱ्या पुराची. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची १०० वर्षे निर्धास्त, असा मुळीच नाही. दरवर्षी त्याची शक्यता शेकडा १ असते, आणि ३० वर्षांच्या वास्तव्यात ती शेकडा २६ पर्यंत जाते.

राहता राहिला रपटा, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणारा नाल्यावरचा ठेंगणा पूल. गुडघाभर वाहते पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकते, आणि गढूळ प्रवाहाखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे काठावरून कळत नाही. पाणी ओसरेपर्यंत थांबा, आणि अडचण असल्यास जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ या क्रमांकावर कळवा.